आधी कार्यशाळा बांधा, मग विज्ञान केंद्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हा नियोजन समित्या, महानगरपालिका आणि नगरपरिषदांचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेला, फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक. पोरांना कानस धरायला आणि लेथवर उभं राहायला शिकवण्यात सगळी नोकरी गेली. पत्रं लिहायची सवय नाही. हे लिहायला बसलो त्याला कारण एक कॉटर पिन आहे.

जुन्या पद्धतीच्या सायकलीत पॅडलचा दांडा अॅक्सलवर घट्ट बसवायला एक छोटी पाचर ठोकतात आणि मागून नट आवळतात. ती कॉटर पिन. झिजली की दांडा खुळखुळायला लागतो आणि एक दिवस नुसता लोंबतो. गल्लीतला कोणताही सायकलवाला ती दहा मिनिटांत बदलून देतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातीला घेऊन एका शहरातलं विज्ञान केंद्र बघायला गेलो होतो. शहराचं नाव लिहीत नाही, कारण तिथे काम करणाऱ्या माणसांवर माझा राग नाही. नात सातवीत आहे. दारातून आत शिरल्याबरोबर ती सायकलीकडे पळाली. स्टँडवर पक्की केलेली सायकल, मागे डायनॅमो, समोर दोन दिवे. पण हँडलला नायलॉनची दोरी बांधलेली आणि सीटवर सेलोटेपने चिकटवलेला कागद: ‘बंद आहे’. पुढे गेलो. फुंकरीवर तरंगणारा चेंडू बंद. स्वतःला दोरीने वर ओढायच्या कप्पीच्या खुर्च्या बंद. नातीने मोजायलाच सुरुवात केली. एकतीस प्रयोगांपैकी अठरा बंद निघाले, आणि जे चालू होते त्यांतल्या चारांवर ‘हात लावू नये’ अशी पाटी. तिने विचारलं, “आबा, मग आपण इथे करायचं काय?”

मी सायकलीपाशी परत आलो आणि खाली बसून पाहिलं. डाव्या बाजूची कॉटर पिन झिजलेली. बाकी डायनॅमो, चेन, वायरिंग सगळं शाबूत. तिथला कर्मचारी तरुण होता, भला होता. म्हणाला, “काका, आठ महिने झाले. वर लिहून कळवलंय. कंपनीचा देखभालीचा करार संपला, नवीन टेंडर निघायचंय.” मी म्हटलं, समोरच सायकलचं दुकान आहे, मी पिन आणतो, आत्ता बसवून देतो. त्याने हात जोडले. “नका काका. उद्या काही झालं तर माझी नोकरी जाईल.”

त्याचं बरोबर होतं. म्हणून मी त्याच्याशी वाद घातला नाही आणि हे पत्र आपल्याला लिहितोय. कारण त्या दोरीची गाठ आपल्यासारख्यांच्या टेबलावर मारली जाते, आणि तीसुद्धा केंद्र उभं राहण्याच्या आधी, प्रस्ताव मंजूर होतो त्या दिवशी.

आपल्यापैकी अनेकांसमोर आज ना उद्या ‘आपल्या जिल्ह्यात मुलांसाठी विज्ञान केंद्र’ असा प्रस्ताव येणार आहे. काहींसमोर आलाही असेल. तो जरूर मंजूर करा. फक्त त्याआधी एकच गोष्ट शोधा: केंद्र सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी मोडलेला प्रयोग कोण दुरुस्त करणार, कुठे बसून करणार आणि कोणत्या पैशातून करणार, हे त्यात लिहिलंय का? लिहिलेलं नसेल तर तो प्रस्ताव अपुरा आहे. इमारत कितीही देखणी असो.

वस्तुसंग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटं येतात. तांब्याचं नाणं, हजार वर्षांची मूर्ती, हस्तलिखित. ते टिकावं म्हणून त्याला हात लावायचा नाही, हे योग्यच. विज्ञान केंद्रातला प्रयोग ही उलट्या जातीची वस्तू आहे. त्याला कोणी हात लावला नाही तर तो नुसता लोखंडाचा आणि प्लायवूडचा सांगाडा आहे. तो पोरांनी ओढायचा, फिरवायचा, गदागदा हलवायचा असतो, आणि म्हणूनच तो मोडणार. शंभर मुलांची सहल आली की शंभर वेळा बटण दाबलं जातं, त्यातलं निम्म्या वेळा मुठीने. बटणाखालचा मायक्रोस्विच जातो. बेअरिंग आवाज करायला लागतं. पट्टा सैल होतो. यात पोरांचा दोष काही नाही. एखाद्या केंद्रात वर्षभर एकही प्रयोग मोडला नाही असं मला कोणी सांगितलं, तर मी समजेन की तिथे मुलं येत नाहीत किंवा त्यांना हात लावू देत नाहीत.

ती सायकल चालू असती तर काय झालं असतं, तेही सांगतो. समोरच्या दोन दिव्यांपैकी एक जुना, तारेचा, साठ वॉटचा. दुसरा नऊ वॉटचा एलईडी. दोघांचा उजेड जवळपास सारखा. आधी एलईडीचं बटण दाबायचं आणि पॅडल मारायचं, सहज पेटतो. मग बटण बदलून तारेचा दिवा लावायचा. त्या क्षणी पॅडल एकदम जड होतं, जणू कोणी मागून कॅरिअर धरून ठेवलंय. दिवा आधी लालसर, मग पिवळा, आणि पूर्ण पेटेपर्यंत पोराला घाम फुटतो. ऊर्जेची बचत, कार्यक्षमता हे शब्द पुस्तकात दहा वेळा वाचून जे कळत नाही ते मांड्यांना एका मिनिटात कळतं. घरचं बिल का कमी येतं, हे नातीने घरी जाऊन आईला समजावून सांगितलं असतं. अडलं कशावर, तर वीस-पंचवीस रुपयांच्या पिनेवर.

मी पहिल्यांदा असं केंद्र पाहिलं ते मुंबईला, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. आंतरराष्ट्रीय बालवर्षात, म्हणजे १९७९ साली, तिथे आधी उघड्यावरचं विज्ञान उद्यान सुरू झालं आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते मुख्य केंद्राचं उद्घाटन झालं. आम्ही गेलो १९९१ च्या हिवाळ्यात, फिटर आणि टर्नर मिळून बावीस पोरं. लातूरहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथे फलाटावर अर्धी रात्र, मग मोठ्या गाडीने मुंबई. निम्म्या पोरांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. मला वाटलं होतं, चौपाटीपुढे यांना विज्ञान केंद्र फिकं वाटणार.

आत एक फिरणारी चकती होती. तिच्यावर उभं राहायचं, दोन्ही हातांत वजनं घेऊन हात पसरायचे, कोणीतरी एक हलका धक्का द्यायचा. आणि मग हात छातीशी घ्यायचे. गिरकी एकदम वाढते, इतकी की घाबरून आपण हात पुन्हा पसरतो आणि वेग आपोआप उतरतो. दुसऱ्या सहलींची मुलं रांगेत उभी राहून ओरडत होती. माझी पोरं मात्र दिसेनात. शोधलं तर त्यांतली तिघं चकतीच्या खाली, जमिनीवर आडवी झालेली. वर काय होतंय यापेक्षा त्यांना खाली बेअरिंग कोणतं बसवलंय ते बघायचं होतं. एक जण बोटाने वीत मोजून दुसऱ्याला शाफ्टचा व्यास सांगत होता.

तिथले एक गृहस्थ आले. मला वाटलं, आता रागावणार. त्यांनी विचारलं, “आयटीआयची मुलं का?” आणि आम्हाला मागच्या बाजूला त्यांच्या कार्यशाळेत घेऊन गेले. लेथ, मिलिंग, वेल्डिंगचा कोपरा, सुतारकाम, रंगकाम. प्रयोग तिथेच बनत होते आणि तिथेच दुरुस्त होत होते. एक पोरगा मला हळूच म्हणाला, “सर, आपल्यासारखाच लेथ आहे.” त्या वाक्यात जे होतं ते मी आजवर विसरलेलो नाही. आपण जे शिकतोय ते केवळ कारखान्यात हुकमाप्रमाणे जॉब काढण्यासाठी नाही, त्यातून हेही बनतं, हे त्याला त्या दिवशी दिसलं. आज तो चाकणला स्वतःचं जिग-फिक्स्चरचं युनिट चालवतो.

हे मी आठवणीत रमण्यासाठी सांगत नाही. वरळीचं केंद्र चालवणारी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ साली स्थापन झाली. त्याच्याही आधी १९५९ पासून कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय आणि १९६५ पासून बंगळुरूचं विश्वेश्वरय्या संग्रहालय चालू होतं. ही मंडळी पहिल्यापासून आपले प्रयोग आपल्याच कार्यशाळेत बनवत आली. ज्याने बनवलं त्यालाच दुरुस्त करता येतं, एवढं साधं त्यामागचं शहाणपण. १९६५ मध्ये कोलकात्याच्या संग्रहालयाने तर प्रयोग बसमध्ये चढवून शाळांच्या दारात न्यायला सुरुवात केली. बंगालमधल्या खाचखळग्यांतून प्रयोग नेणाऱ्या माणसाने नटाखाली स्प्रिंग वॉशर घातला नाही तर पुढच्या गावी काय होईल, हे कोणी सांगायला नको.

नागपूरला रामन विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर गोवा विज्ञान केंद्र २००१ पासून. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं सायन्स पार्क २०१३ पासून. सोलापूरलाही केंद्र आहे. आणि जिल्ह्याच्या गावी विज्ञान केंद्र ही कल्पना काही नवी नाही: पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाला १९८२ मध्ये, आमच्या शेजारच्या कलबुर्गीला आणि गुजरातेत डोंगराच्या कुशीतल्या धरमपूरला १९८४ मध्ये, तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीला १९८७ मध्ये जिल्हा विज्ञान केंद्रं उघडली. तेव्हा छोट्या गावात हे चालेल का, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच देऊन झालंय.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण त्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते. फ्रँक ओपनहायमर. अणुबॉम्ब बनवणाऱ्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे संचालक रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे बंधू, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होते म्हणून १९४९ मध्ये त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं त्यांनी कोलोरॅडोत गुरं राखली. मग तिथल्याच एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. उपकरणं नव्हती, तर मुलांना घेऊन भंगाराच्या ढिगावर जायचे आणि मोटारी, चाकं, भिंगं गोळा करून आणायचे. १९६९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ सुरू केलं, आणि जगभरातल्या अशा केंद्रांनी त्याचा कित्ता गिरवला. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असं ते म्हणत.

त्यांनी केलेली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी: कार्यशाळा लपवली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवली. आत माणसं वेल्डिंग करताहेत, मोडलेला प्रयोग खोलून बसलीत, आणि मुलं कठड्याला टेकून बघताहेत. दुरुस्ती हाच तिथला एक प्रयोग झाला. शिवाय आपले प्रयोग कसे बनवायचे याच्या पाककृतीच्या पुस्तकासारख्या पुस्तिका छापून त्यांनी जगाला देऊन टाकल्या. प्रयोग समजावून सांगायला त्यांनी हायस्कूलची पोरं नेमली, पगार देऊन.

आपल्याकडे पुण्यात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने झाली. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात ‘पुलस्त्य’ नावाची इमारत आहे. पु. ल. देशपांडे यांच्या आठवणीतलं नाव, आणि सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचंही. तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी दहा वर्षांहून अधिक काळ काम केलं. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, बाटल्यांची झाकणं, जुन्या सीडी असल्या टाकाऊ वस्तूंतून त्यांनी शेकडो खेळणी केली आणि मुलांकडून करून घेतली. मूल खेळण्याचं जे काही करू शकतं त्यात ते मोडणं सर्वांत चांगलं, असं ते सांगत आले. मोडल्यावर आत काय आहे ते कळतं, आणि वस्तू आपणच केलेली असली की पुन्हा करताही येते. तिथे ‘बंद आहे’चा कागद लागायला जागाच उरत नाही.

आता थोडं कडू बोलतो, माफ करा. गेल्या काही वर्षांत जे प्रस्ताव मंजूर होताना दिसतात त्यांत पडदे फार असतात. स्पर्शाचे पडदे, डोळ्यांवर चढवायचे आभासी चष्मे, हलणाऱ्या खुर्च्यांचं थिएटर. ते दिसायला चकचकीत असतं आणि उद्घाटनाच्या फोटोत छान येतं. पण पडदा मुलाच्या घरी, आईच्या हातातल्या मोबाइलमध्येही आहे. पडद्यावर कप्पीने वजन उचललं की हाताला काहीच लागत नाही. आणि तो पडदा तीन वर्षांनी बंद पडला की त्याचा भाग तालुक्यातच काय, जिल्ह्यातही मिळत नाही, कारण कंपनीने तो बनवणंच थांबवलेलं असतं. त्याउलट ६२०२ नंबरचं बेअरिंग उदगीरलाही मिळतं आणि अंबाजोगाईलाही. विज्ञान केंद्रात पडदा नकोच असं मी म्हणत नाही. तारांगणासाठी, न दिसणाऱ्या गोष्टींसाठी तो लागतो. पण जी गोष्ट खरोखर हातात देता येते ती पडद्यावर दाखवणं म्हणजे लोणच्याची बरणी काचेआडून दाखवण्यासारखं आहे.

आणि प्रयोग आपल्या मातीतले निवडा. मी लातूर जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत भूकंपात हजारो माणसं झोपेत गेली. मी दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन ढिगारे उपसायला गेलो होतो, त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही. एवढंच सांगतो की आमच्याकडची घरं माळवदाची, म्हणजे वर मातीचं जाड सपाट छत असलेली. जाडजूड भिंती काळ्या दगडाच्या, सांध्यात नुसती माती. भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधून ठेवणारे आडवे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. जमीन हलली तसे दोन्ही थर फुगून सुटले आणि माळवदाची शेकडो मण माती खाली आली. पुढे घरं मजबूत करताना काय शिकवलं गेलं? भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, आणि दारा-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींना कवेत घेणारा सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा.

हे सगळं एका टेबलावर दाखवता येतं. चार चाकांवर सरकणारी फळी, तिला क्रँक आणि हाताने फिरवायचं हँडल. फळीवर लाकडी ठोकळ्यांची दोन घरं. एक नुसतं रचलेलं, दुसऱ्याच्या दारावरच्या उंचीला चारही भिंतींभोवती पट्टी. मुलाने हँडल फिरवायचं, आधी हळू, मग जोरात. पहिलं घर कोपऱ्यांपासून सुटत जातं आणि बसतं. दुसरं हलतं, करकरतं, पण उभं राहतं. मग मुलाने पडलेलं घर पुन्हा रचायचं, कारण पुढच्याला पाडायला लागणार. मोटार नाही, वायर नाही, पडदा नाही. आमच्या संस्थेतली दुसऱ्या वर्षाची पोरं आठवड्यात बनवतील. लातूरच्या मुलाने हे टेबल हाताने हलवलं पाहिजे, कारण उद्या गवंड्याशी बोलून घर तोच बांधणार आहे.

असंच प्रत्येक जिल्ह्याचं काहीतरी आहे. बुलढाण्याला लोणार आहे, उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं विवर. वाळूच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या उंचीवरून छर्रे टाकून तशी विवरं पाडता येतात. जुन्नर तालुक्यात खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तशाच खोलगट (अन्वस्त) दोन तबकड्या पन्नास फुटांवर समोरासमोर ठेवल्या आणि एकीपाशी कुजबुजलं की दुसरीपाशी स्पष्ट ऐकू येतं, तबकडी का लागते ते कानाला कळतं. सातारकरांकडे कोयनेचं पाणी आहे. आणि सगळ्यांकडे सूर्य आहे. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. पहिला दिवस मे महिन्यात येतो. दुसरा जुलै-ऑगस्टात, पण तेव्हा ढग असतात. अंगणात ओळंब्याने सरळ उभा केलेला एक पाइप आणि फरशीवर रेघा, एवढा हा प्रयोग. तो मोडतही नाही.

आता मागणं. विज्ञान केंद्राच्या आराखड्यात कार्यशाळा पहिली असू द्या, जिन्याखालची अडगळीची खोली नको. उजेड येणारी, मुलांना बाहेरून दिसणारी जागा. व्हाइस लावलेली दोन बेंचं, उभं ड्रिल मशीन, छोटा लेथ, वेल्डिंग सेट, सोल्डरिंगची जागा, सुतारकामाचं टेबल, आणि एका कपाटात बेअरिंगं, पट्टे, बटणं, नटबोल्ट. थिएटरच्या खुर्च्या थोड्या कमी करा, पण एवढं करा.

तिथे दोन पक्के कारागीर नेमा. त्यांच्या हाताखाली शिकाऊ उमेदवार म्हणून आयटीआयची मुलंमुली घ्या. महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक तालुक्यात सरकारी आयटीआय आहे, माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही. मुली आवर्जून घ्या. शाळेच्या सहलीतल्या एखाद्या मुलीने दुसऱ्या मुलीला लेथवर उभं राहिलेलं पाहिलं, तर तिला वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

केंद्र चालवणाऱ्याच्या हातात किरकोळ खरेदीसाठी पैसे आणि ते खर्च करायचा अधिकार द्या. माझ्या हिशेबाने, प्रयोगांवर जेवढा खर्च झाला त्याच्या दहावा हिस्सा दरवर्षी देखभालीला बाजूला काढला तर पुरतो. कोणाला हा आकडा जास्त वाटला तर तोलून बघावं: दहा टक्के वाचवून पूर्ण शंभर टक्के भंगारात घालवायचे का.

प्रयोग बाहेरून बनवून घेणार असाल तर एक अट करारात घाला. प्रत्येक प्रयोगाचं पूर्ण ड्रॉइंग, वायरिंगचा नकाशा आणि सुट्या भागांची यादी ताब्यात मिळाल्याशिवाय शेवटचं बिल द्यायचं नाही. आणि भाग बाजारात मिळणारेच वापरायचे. ही अट नसल्यामुळे किती चांगल्या यंत्रांची माती झालेली मी पाहिलीय, ते मोजता येणार नाही.

पाट्या मराठीत हव्यात, हे वेगळं सांगायला नको. पण ‘कोनीय संवेगाची अक्षय्यता’ असं लिहून ठेवलं तर मराठी असूनही मूल पुढे निघून जातं. ‘हात पसरा. आता छातीशी घ्या. काय झालं?’ एवढं लिहा. नाव नंतर सांगता येतं. समजावून सांगायला गावातलीच अकरावी-बारावीची मुलं मानधनावर घ्या, दुसऱ्याला सांगताना त्यांचंही पक्कं होतं.

आणि आढावा बैठकीत फक्त किती लोक येऊन गेले एवढाच आकडा मागवू नका. किती प्रयोग चालू आहेत ते विचारा. माझं तर म्हणणं आहे की तिकीट खिडकीशेजारी खडूने लिहायचा एक काळा फळा असावा: ‘आज ४० पैकी ३७ प्रयोग चालू.’ तीन बंद असले तर कोणी नाराज होत नाही. उलट बाजूच्या कार्यशाळेत ते तीन खोलून ठेवलेले दिसले, तर मुलं सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभी राहतील. माझी पोरं नाही का चकतीखाली आडवी झाली होती.

त्या दिवशी केंद्रातून बाहेर पडल्यावर नातीने मला समोरच्या सायकलच्या दुकानात नेलं आणि कॉटर पिन मागितली. दुकानदाराने विचारलं, “कुठल्या सायकलची?” तर म्हणाली, “आतल्या.” घरी आल्यावर माझ्या जुन्या सायकलची पिन तिने माझ्या देखरेखीखाली स्वतः ठोकून काढली आणि परत बसवली. दोन वेळा हातोडी बोटावर बसली, रडली नाही. दुकानातून आणलेली नवी पिन माझ्या टेबलावर, नटासकट कागदात गुंडाळून ठेवलेली आहे. ते केंद्र ज्यांच्या अखत्यारीत येतं त्यांच्यापर्यंत हे पत्र पोहोचलं तर त्यांना विनंती: एक दिवस ठरवून कळवा. आम्ही दोघं दहा नंबरचा पाना आणि हातोडी घेऊन येऊ. येण्याजाण्याचा खर्च आमचा.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर)
जिल्हा लातूर